एक एकर वीस गुंठे

जमिनीच्या उताऱ्यावर 1-20 असा आकडा दिसला, तर जमीन किती? एकर-गुंठ्यांत वाचला तर दीड एकर, म्हणजे जेमतेम 61 आर. हेक्टर-आरमध्ये वाचला तर 120 आर, जवळजवळ दुप्पट. आकडा खरा, रकानाही खरा, आणि उत्तर खोटं. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि तिचं काम ठरलेल्या नमुन्यांवर चालतं. नमुना एकदा ठरतो, तलाठी त्यात गावोगावचे आकडे भरत आला. एकक रकान्याच्या डोक्यावर छापलेलं असतं. आकडा नव्या नमुन्यात उतरवताना ते मागे राहू शकतं. म्हणून चुकीच्या उताऱ्याचं मूळ आधी आकडा आणि नमुना यांच्या सांध्यात शोधावं, लिहिणाऱ्याच्या हातात नंतर.

यावर कोणी म्हणेल, एवढा खल कशाला, तलाठ्याचं अक्षर नाहीतर टंकणाऱ्याची घाई. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 155 मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहेच. पण हाताची चूक विस्कळीत असते. एककाची चूक शिस्तीत येते. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून गुंठ्यांच्या जागी 39 च्या पुढचा आकडा येत नाही. आर मात्र 99 पर्यंत जातात. गावाच्या सगळ्या नोंदींत उजवीकडचा आकडा 39 च्या आतच थांबत असेल, तर चूक एककाची आहे, एकेक उतारा दुरुस्त करत बसणं व्यर्थ आहे.

संगणकवाल्यांनी हीच रीत पुन्हा घडवली. 1970 च्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या डेटाबेसमध्ये प्रश्न (क्वेरी) आधीच तयार करून ठेवत, मूल्यं मागाहून भरत, आजचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट त्याच वळणाचं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा जावासाठीचा ड्रायव्हर तर, सेटिंग बदललेलं नसेल तर, तोच प्रश्न पाचव्यांदा आला की सर्व्हरवर तयार करून ठेवतो, आणि त्यानंतर काही मूल्यं मजकुराऐवजी द्विमान रूपात ये-जा करू लागतात. तिथे प्रकाराचा घोळ असेल तर पहिली काही उत्तरं बरोबर येऊन पुढचं फसू शकतं. एकदाच तपासून ‘चालतंय’ म्हणणाऱ्याला तो दिसणार कसा? कागदाची आणि यंत्राची तुलना ओढूनताणून वाटेल, पण तपासाची वाट एकच: भरलेलं मूल्य कोणत्या प्रकाराचं समजून वाचलं गेलं, ते आधी पाहायचं.

नमुना शिळा होणं हा दुसरा रोग. आजच्या पालघर तालुक्याचं जुन्या दप्तरातलं नाव माहीम, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. जमीन जागची हलली नाही, तिच्यापर्यंत जाणारा पत्ता बदलला. बोईसर-तारापूरला एककाचा पहिला रोगही पुस्तकी राहत नाही. अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, ते संच 2005-06 मध्ये चालू झाले. पहिल्या वेळी गावातला हिशेब एकर-गुंठ्यांचा, दुसऱ्या वेळी सरकारी कागद हेक्टर-आरचा. दोन्ही काळांचे उतारे शेजारी ठेवून बेरीज करणाऱ्याने आधी रकान्याचं डोकं वाचावं.