मूत्रवाहिनीतील विसरलेली नळी

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या मूत्रवाहिनीत अनेकदा एक लवचिक नळी ठेवली जाते. तिची दोन्ही टोके इंग्रजी 'जे' अक्षराप्रमाणे वळलेली असल्याने ती सरकत नाही. म्हणूनच तिला 'डबल जे' किंवा 'डीजे स्टेंट' म्हणतात. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ रॉय फिनी यांनी १९७८ मध्ये या नळीविषयीचा अनुभव प्रसिद्ध केला. सूज ओसरेपर्यंत लघवीचा मार्ग खुला ठेवणे, हे तिचे काम. ते काही आठवड्यांत संपते आणि नळी काढावी लागते. सर्वसाधारण नळी तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवू नये, असा संकेत आहे.

अडचण येथेच सुरू होते. वेदना थांबल्या की उपचार पूर्ण झाले, असा रुग्णाचा समज होतो. शरीरात नळी आहे, हेच काहींना ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्डावरील इंग्रजी नोंद वाचली जात नाही.

दरम्यान, नळीवर लघवीतील क्षारांचे थर साचू लागतात. काही जिवाणू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. लघवी अल्कधर्मी झाली, की हे थर अधिक वेगाने वाढतात. वारंवार खडे होणाऱ्यांना व गर्भवतींना हा धोका अधिक. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या ९.२ टक्के नळ्यांवर असे थर आढळले. सहा ते बारा आठवड्यांत हे प्रमाण ४७.५ टक्के, तर त्यानंतर ७६.३ टक्के होते. पुढे नळी ठिसूळ होऊन तुटते, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो किंवा मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. विशेष म्हणजे, हे मुकाट्यानेही घडू शकते.

अशी नळी जोर लावून ओढणे धोक्याचे असते. त्यामुळे मूत्रवाहिनीच तुटण्याची भीती असते. प्रथम एक्स-रे व सीटी स्कॅनद्वारे थर कोठे व किती आहेत, हे पाहतात. लघवीची कल्चर तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि गरजेनुसार मूत्रपिंडाची कार्यक्षमता दाखवणारा स्कॅन केला जातो. संसर्ग व अडथळा एकत्र असल्यास आधी पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढतात. त्यानंतर मूत्राशयातील खडा दुर्बिणीतून फोडणे, मूत्रवाहिनीतील थर लेसरने काढणे आणि मूत्रपिंडातील मोठा खडा पाठीतील छिद्रातून काढणे, असे टप्पे घ्यावे लागतात. दुर्बिणीने काही मिनिटांत होणाऱ्या कामासाठी मग अनेक शस्त्रक्रिया आणि मोठा खर्च सोसावा लागतो. मूत्रपिंड पूर्ण निकामी झाले असल्यास ते काढण्याचीही वेळ येते.

हे टाळणे मात्र सोपे आहे. रुग्णालयाने प्रत्येक स्टेंटची नोंद ठेवून मुदत संपण्यापूर्वी रुग्णाला कळवावे. रुग्णानेही घरी जाण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: 'आत नळी ठेवली आहे का?' आणि 'ती कोणत्या तारखेला काढायची?' ही तारीख कार्डावर मराठीत लिहून घ्यावी व घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावी. जुन्या शस्त्रक्रियेबाबत शंका असल्यास साधा एक्स-रेही बहुधा पुरेसा ठरतो. नळी असताना थंडी वाजून ताप आला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.