शहराने सरकारकडे काय मागावं? मुंबई कॉर्पोरेशन आणि कायदेमंडळ, १८६५ ते आज

मंडळी, आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल. कॉर्पोरेशन, बिल, कलम, ठराव हे शब्द आले की माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. पण आपल्या नळाला किती पाणी येणार, घरपट्टी किती बसणार, शाळा कोण चालवणार, हे सगळं ज्या कागदावर ठरतं तो कागद महापालिका स्वतः लिहीत नाही. तो कायदेमंडळ लिहितं. महापालिकेला नवा कर लावायचा असेल, जुना काढायचा असेल, प्रभाग वाढवायचे असतील, तर विधिमंडळाकडे जावंच लागतं. म्हणजे आपलं शहर हे कायद्याने कायमचं मागणारं आहे.

मग प्रश्न असा येतो, की काय मागायचं हे शहरात कोण ठरवतं आणि कसं ठरवतं? मला आज एवढंच दाखवायचंय की मागणी मान्य होते की नाही हे पुष्कळदा ती मुंबईच्या कौन्सिलात पोहोचण्याआधीच, शहराच्या सभागृहात ठरलेलं असतं. त्यासाठी मुंबईचं उदाहरण घेऊ. एक तर तिची कागदपत्रं चांगली आहेत, आणि दुसरं म्हणजे १८८८ चा तिचा कायदा, शेकडो दुरुस्त्यांसह का होईना, आजही चालू आहे.

सुरुवात १८६५ पासून करू. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिसेस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले जे. पी., यांच्या मंडळाकडे गेला, आणि प्रत्यक्ष सगळी सत्ता एका कमिशनरच्या हातात आली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. कर्तबगार माणूस. रस्ते, गटारं, बाजार, सगळ्याला हात घातला. आज ज्याला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो ते क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच काळातलं. पण वेळ कोणती होती बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, १८६५ मध्येच शेअर बाजार बुडाला. शहर कंगाल आणि कमिशनर खर्चात! जे. पीं.च्या मंडळाला खर्चाचा पत्ता लागायचा तो खर्च होऊन गेल्यावर.

१८७१ मध्ये करदात्यांची चळवळ उभी राहिली. नौरोजी फर्दुनजी हे त्यातलं मोठं नाव. लोकांचा राग क्रॉफर्डवर होता, आणि तो स्वाभाविक होता. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, एका समितीच्या हाती कारभार द्या, असा सूर होता. त्या वेळी पंचविशीतला एक बॅरिस्टर उलट बोलला. फिरोजशाह मेहता. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाच्या हाती असू द्या, दहा जणांच्या समितीला कामं करता येत नाहीत. दोष कमिशनरच्या अधिकारात नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारं मंडळ करदात्यांनी निवडलेलं नाही, हा दोष आहे. श्रोत्यांना ते मुळीच रुचलं नाही. पण फरक लक्षात घ्या. करदाते गाऱ्हाणं सांगत होते, मेहता रचना सांगत होते. गाऱ्हाण्यावरून कायदा लिहिता येत नाही. तो रचनेवरून लिहावा लागतो.

१८७२ च्या कायद्याने ६४ जणांचं कॉर्पोरेशन आलं. ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जे. पीं.नी निवडलेले, १६ सरकारने नेमलेले. कमिशनर राहिला, पण तिजोरीवर नजर ठेवायला टाउन कौन्सिल आलं. निम्मी का होईना, निवडणूक आली.

आता येऊ १८८७-८८ कडे. आजच्या विषयाचा गाभा इथे आहे.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला होता. मुंबईच्या कायद्याची पुनर्रचना करायची हे ठरलं. १८८७ मध्ये लॉर्ड रे गव्हर्नर असताना सरकारने बिल आणलं. त्या मसुद्याचा रोख कमिशनरला बळ देण्याकडे होता. कॉर्पोरेशन हे शहराचं राज्य करणारं मंडळ, की कमिशनरच्या शेजारी बसलेली आणखी एक संस्था, असा तो वाद होता.

त्या काळचं कायदेमंडळ कसं होतं हेही सांगायला हवं. १८६१ च्या कायद्यानुसार गव्हर्नरच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद नेमायचे, त्यातले निदान निम्मे बिनसरकारी. निवडणूक नाहीच. मतांच्या जोरावर सरकारला हरवणं शक्यच नव्हतं. मग उरतं काय? युक्तिवाद, तयारी आणि चिकाटी.

आणि इथे मुंबईचं नशीब म्हणा किंवा तयारी म्हणा, त्या छोट्या कौन्सिलात दोन माणसं अशी होती जी कॉर्पोरेशनच्या बाकांवरही बसलेली होती. एक मेहता आणि दुसरे काशिनाथ त्रिंबक तेलंग. तेलंग संस्कृतचे पंडित, कायद्याचे पंडित, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मेहता त्याआधी १८८४ आणि १८८५ अशी दोन वर्षं कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. बजेट, पाणीपट्टी, कंत्राटं, सगळं त्यांनी हाताखालून घातलेलं. कौन्सिलातल्या सरकारी सभासदांना बिल माहीत होतं, या दोघांना शहर माहीत होतं.

या रस्त्याने मागणी पुढे कशी जाते, ते पायरीपायरीने बघा. सरकारचा मसुदा कॉर्पोरेशनकडे येतो. सभा तो समितीकडे सोपवते. समिती कलमवार वाचते आणि कुठे काय बदलायचं ते लिहून काढते. तो अहवाल सभागृहात येतो, तिथे वाद होतो, ठराव होतो, आणि मग निवेदन म्हणून सरकारकडे जातो. हे वेळखाऊ आहे. पण त्यातून एक होतं. शहरातलं भांडण शहरातच भांडून संपतं. व्यापारी, घरमालक, युरोपियन जे. पी., डॉक्टर, वकील एकमेकांशी आधीच भांडून घेतात, आणि सरकारपुढे जो कागद जातो त्यावर सगळ्यांचं नाव असतं. सरकारला मग, तुमच्यातच एकमत नाही, असं म्हणायची सोय राहत नाही.

१८८८ च्या तिसऱ्या कायद्यात काय मिळालं? ७२ सभासद. ३६ वॉर्डांतून, १६ जे. पीं.कडून, १६ सरकारनियुक्त, दोन विद्यापीठाचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. स्थायी समिती आली. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ६४व्या कलमात आहे. कायद्यात अन्यथा म्हटलं नसेल तिथे शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी आहे, असं ते कलम सांगतं. त्याच कलमात पुढे अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरला दिलेला आहे. मेहतांनी १८७१ मध्ये जे मांडलं होतं, धनी निवडलेलं मंडळ आणि कारभारी एकच माणूस, ते सतरा वर्षांनी कलमात उतरलं. सगळं मिळालं नाही. कमिशनर सरकारच नेमत राहिलं, आजही नेमतं. पण धनी कोण, हे लिहिलं गेलं.

जाता जाता एक. त्याच १८८८ मध्ये, लाचखोरीच्या चौकशीत सापडून पुणे भागात गाजलेलं ‘क्रॉफर्ड प्रकरण’ झालं, त्यातले क्रॉफर्ड हेच. तोवर ते महसूल खात्याचे कमिशनर झाले होते.

पुढची पायरी १८९२. नव्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने प्रांतिक कौन्सिलं थोडी मोठी झाली आणि काही संस्थांना आपला माणूस सुचवायचा अधिकार मिळाला. त्यात मुंबई कॉर्पोरेशन होतं. १८९३ मध्ये कॉर्पोरेशनने मेहतांना पाठवलं. आता शहराला कायदेमंडळात स्वतःची खुर्ची मिळाली. सरकारने दिलेली नव्हे, सभागृहाने निवडलेली.

पण खुर्ची मिळाली म्हणजे सगळं जिंकलं असं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, आणि याच कॉर्पोरेशनचे सभासद. शहरातली दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं हा प्रश्न वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होता. पण त्यावर पुरी योजना घेऊन शहर सरकारकडे गेलं नव्हतं. मग सरकार आपली योजना घेऊन आलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. १४ विश्वस्त, त्यात कॉर्पोरेशनने निवडलेले फक्त चार. रस्ते पाडायचे, चाळी पाडायच्या, नवी वस्ती वसवायची, हे सगळं शहरातच, पण शहराच्या सभागृहाबाहेर. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंगा ही त्या ट्रस्टची कामं. चांगली कामं झाली, नाही असं नाही. पण ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन व्हायला १९३३ उजाडावं लागलं. पस्तीस वर्षं! आपण न मागितलेली गोष्ट दुसऱ्याने आपल्या नावाने ठरवली की ती परत मिळवायला एवढा काळ लागतो.

आता याच्या उलट उदाहरण. पोलिसांचा खर्च. मुंबईच्या पोलिसांवर हुकूम सरकारचा, आणि खर्चाचा बोजा मात्र कॉर्पोरेशनच्या तिजोरीवर. कॉर्पोरेशन वर्षानुवर्षं तक्रार करत होतं. सरकार ऐकत होतं आणि विसरत होतं. हे सुटलं केव्हा, तर देवघेवीची मांडणी झाली तेव्हा. १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने घेतला, आणि त्याबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशनने घेतला. आज मुंबईत महापालिकेच्या शाळा आणि मोठी रुग्णालयं दिसतात, त्यामागे हा सौदाही आहे. आमचे पैसे वाचवा, एवढीच मागणी असती तर ती कागदावरच राहिली असती. आम्ही अमुक सोडतो, तमुक उचलतो, असं म्हटल्यावर सरकारलाही हिशोब जुळवता आला.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, वा, काय सुवर्णकाळ होता. थोडं थांबा. ही ‘शहराची मागणी’ म्हणजे नेमकी कुणाची? मत होतं ठराविक रकमेच्या वर कर भरणाऱ्याला. गिरणीत बारा-बारा तास उभा राहणारा, रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला माणूस या यादीत कुठेच नव्हता. ट्रस्टने चाळ पाडली तर बेघर तो व्हायचा, पण ट्रस्टबद्दल निवेदन लिहिणाऱ्या सभागृहात त्याचं कुणी नव्हतं. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं. गिरणगावातल्या एका खोलीचं भाडं बहुतेकदा त्याहून कमी असायचं. प्रौढ मतदानाने निवडणूक झाली १९४८ मध्ये. म्हणजे ज्या एकमुखी आवाजाचं मी आत्ता कौतुक केलं, तो एकमुखी होण्याचं एक कारण असंही होतं, की बरीच तोंडं दाराबाहेर होती.

आजचं काय? आज सगळ्यांना मत आहे. १९९३ पासून ७४वी घटनादुरुस्ती आहे, बाराव्या परिशिष्टात १८ विषय आहेत. पण ते विषय द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे ठरवतं राज्याचं विधिमंडळच. नगरसेवक ठरावाची सूचना मांडतो, सभागृह मंजूर करतं, आयुक्तांचा अभिप्राय येतो, कायदा बदलायचा असेल तर प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो, तिथून विधी खातं, मंत्रिमंडळ आणि मग विधेयक. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफी आठवून बघा. २०१७ मध्ये महापालिकेने मागितली, २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण करापुरती मिळाली, पूर्ण निर्णय आला २०२२ मध्ये. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा जकात, म्हणजे पालिकेचं सर्वांत मोठं उत्पन्न, एका दिवसात गेलं. त्याजागी राज्याकडून भरपाई आली. १९०७ मध्ये देवघेव होती. इथे गेलं शहराचं, आणि जे आलं त्यासाठी दर महिन्याला राज्याकडे बघणं आलं.

पण मला यापेक्षा मोठी काळजीची गोष्ट वाटते ती ही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहच नव्हतं. प्रशासक होते. राज्यातल्या इतरही अनेक शहरांत तेच झालं. रस्ते झाडले गेले, पाणी आलं, बजेट मांडलं गेलं. बऱ्याच लोकांना फरकही जाणवला नाही. पण या काळात शहराने सरकारकडे काय मागितलं? मागणार कोण? प्रशासक सरकारनेच नेमलेला. सरकारने नेमलेला माणूस सरकारकडे शहराच्या वतीने मागणी करतो, म्हणजे एकच हात लिहितो आणि तोच हात मंजूर करतो. शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी, हे ६४व्या कलमातलं वाक्य त्या काळात पुस्तकात तसंच होतं. फक्त ज्याच्या ठायी तो कारभार असायचा, ते सभागृह रिकामं होतं.

म्हणून महापालिकेची निवडणूक ही गटार आणि फुटपाथ यांपुरती समजू नका. आपल्या वॉर्डातून आपण जो माणूस पाठवतो, तो शहराची मागणी लिहिणाऱ्यांपैकी एक असतो. पुढच्या वेळी तो दारात आला, तर रस्त्याबद्दल जरूर विचारा. पण एवढंही विचारा, की बाबा, विधिमंडळाकडे तू या शहरासाठी काय मागणार आहेस, आणि ते कलमात कसं लिहिणार आहेस?