शुश्रूषेचे शास्त्र आणि बैगांचा मुलूख

सातपुड्याच्या मैकल रांगेत, बालाघाट जिल्ह्यात बैहरचे पठार आहे. १९५६ पर्यंत या साऱ्या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. साल, बांबू आणि मोह यांच्या या रानात गोंड व बैगा राहतात. गोंडांच्या गावी भूमीची पूजा बांधावयाची ती बैगाने आणि दुखणे उतरवावयाचे तेही बैगानेच, असा जुना प्रघात. दवाखाना नावाची वस्तू या भागात येण्याच्या पुष्कळ आधी तेथे वैद्य होता, झाडपाला होता आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारे माणूसही होते. जे पुढे आले ते मोकळ्या जागेवर आले नाही, ही गोष्ट आरोग्यसेवेचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आली.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता व शुचिता तर हवीच, पण अनुरागही हवा, असे त्या शास्त्राचे म्हणणे. शिवाय आपण ज्याला शुश्रूषा म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

अर्वाचीन काळात परिचर्येला शास्त्राचे रूप दिले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. मोकळी हवा, उजेड, स्वच्छ पाणी, निवांतपणा ही रोग्याच्या भोवतालची व्यवस्था नीट लावावी, म्हणजे निसर्ग आपले काम करतो, हा त्यांच्या १८५९ च्या ग्रंथाचा गाभा. विचार मोठाच होता. परंतु हिंदुस्थानात तो पोहोचला तो बहुधा इस्पितळाच्या स्वरूपात, म्हणजे लोखंडी खाट, पांढरा गणवेश आणि नातलगांना भेटीची ठरावीक वेळ. आणि तेही शहरात. भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला, तेव्हा देशात सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण निघाले. बैहरसारख्या रानाच्या वाट्याला त्यातून काय येणार होते, हे सांगावयास नको.

अशा काळात, बैहरच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात, करंजिया या गावी दोन माणसे येऊन राहिली. ते साल होते १९३२. एक व्हेरिअर एल्विन आणि दुसरे शामराव हिवाळे. दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले. दोघांपैकी वैद्य कोणीच नव्हता. त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. एल्विन यांचे नाव त्यांच्या ग्रंथांमुळे जगभर झाले, आणि शामराव मात्र त्या कीर्तीच्या छायेत राहिले. वस्तुतः गोंडांत मिसळून राहिलेले ते मराठी गृहस्थ स्वतः अभ्यासकही होते. परधान जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली निघाला.

एल्विन यांचा 'द बैगा' हा ग्रंथ १९३९ चा. नांगराने धरणीमातेचे उर फाटते, म्हणून बैगा नांगर धरीत नसे. रान तोडून जाळावे आणि राखेत बी फेकावे, ही त्याची बेवर शेती. इंग्रजी अमलात जंगलखाते आले आणि बेवरीवर बंदी पडत गेली. १८९० मध्ये मंडल्यात 'बैगा चक' राखून ठेवले तेवढ्याच मर्यादेत ती उरली. बेवर गेली तेव्हा बैगांचे नुसते धान्य गेले नाही, जगण्याची उमेद खचली, असे एल्विन यांचे निदान होते. ते थोडे भावनाप्रधान आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि ताप, खरूज आणि अशक्तपणा यांची मुळे जमिनीच्या कायद्यापर्यंत पोहोचतात, एवढा समाजशास्त्रीय धडा त्यात निश्चित आहे.

परिचर्येच्या शास्त्राने हा धडा पुढे आपलासा केला. मॅडेलीन लायनिंजर या अमेरिकन परिचारिकेने १९६० नंतर न्यू गिनीच्या डोंगरांत गॅडसप लोकांत राहून मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि संस्कृतीनुसार शुश्रूषा हा सिद्धान्त मांडला. रोग्याच्या चालीरीतींपैकी काही जतन कराव्या, काहींशी तडजोड करावी, ज्या घातक असतील त्या त्याच्याच संमतीने बदलाव्या, असे त्याचे सूत्र. बैहरच्या भाषेत सांगावयाचे तर बाळंतिणीला न मिळणारी फळे सांगू नयेत, कोदो-कुटकीची पेज अधिक सकस कशी होईल ते पाहावे. गुनियाला हाकलून देऊ नये, पण नाळ कापण्याचे हत्यार मात्र उकळल्यावाचून चालणार नाही.

हे नुसते पुस्तकी नाही, याचा पुरावा बालाघाटच्या दक्षिणेस, गोंदियापलीकडील गडचिरोलीत सापडतो. तेथे १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचे काम चालविले. लोक इस्पितळात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. पांढरे कापड आम्ही प्रेतावर घालतो आणि तुमचे डॉक्टर, नर्स तेच नेसून हिंडतात, असेही एक उत्तर आले. तेव्हा इस्पितळ झोपड्यांचे झाले, नातलगांना रोग्याजवळ जागा मिळाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. नवजात बालकांची काळजी गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी घरोघरी घेतली. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

संस्कृती जपण्याच्या नावाखाली उलटा प्रकारही घडू शकतो. बैगांसारख्या जमाती नष्ट होतील या धास्तीने मध्यप्रदेश सरकारने १९७९ साली त्यांच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांवर बंदी घातली. हेतू रक्षणाचा होता, पण पाच-सहा बाळंतपणांनी जिची कंबर मोडली त्या बाईला कोणी विचारले नव्हते. छत्तीसगड वेगळे झाले तरी तेथे हा आदेश लागू राहिला. शेवटी काही बैगा स्त्री-पुरुष स्वतःच उच्च न्यायालयात गेले, आणि २०१८ मध्ये ती बंदी तेथे रद्द झाली.