उंदीर पडला!

चैत्री पौर्णिमेच्या तीन दिवस आधी आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरमागं, एक उंदीर मेलेला सापडला. एवढ्यावरून कुणी लेख लिहायला बसत नाही, हे मलाही कळतं. आमच्यासारख्यांच्या घरात उंदीर असायचाच. श्रीमंताकडे त्याला अडगळ मिळत नाही आणि गरिबाकडे धान्य. दोन्ही मिळतं ते आमच्याकडेच. मी त्याला सुपलीत घेतला, सौ. नं लांबूनच 'शी' म्हटलं, आणि विषय तिथंच संपायचा. पण नेमकी त्या वेळी आमची आत्या घरी होती.

आत्याचं वय पंच्याऐंशी. दात स्वतःचे, मतंही स्वतःची. जोतिबा आमचं कुलदैवत, त्यामुळं दर चैत्राला ती कोल्हापुरात आमच्याकडे उतरते आणि इथून डोंगरावर जाते. तिनं सुपलीत डोकावून पाहिलं आणि भाव वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाली, "उंदीर पडला. चला, घर सोडा."

सौ. हसली. मीही हसलो. आत्या मात्र आपली पिशवी, तांब्या आणि जपाची माळ घेऊन दोन जिने उतरून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसली. तिथं तिला शेजाऱ्यांनी विचारलं, "काय आत्या, भांडण झालं का?" ती म्हणाली, "नाही, उंदीर पडला." शेजारीही हसले. सगळी सोसायटी हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हसत नव्हती ती फक्त आत्या.

'पडणे' या क्रियापदाचं मला तेव्हा पहिल्यांदा कोडं पडलं. आमच्या मराठीत सरकार पडतं, भाव पडतात, रणांगणावर शिपाई पडतो. उंदीर आपला साधा मरतो. त्याला हा शिपायाचा मान कुणी दिला? शोधत गेलो तेव्हा कळलं, की हा मान त्यानं फार मोठी किंमत वसूल करून मिळवला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदामांची वस्ती. गोदाम म्हटलं की धान्य आलं आणि धान्य म्हटलं की उंदीर आले. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगला येर्सिन नावाच्या शास्त्रज्ञानं शोधला होता. म्हणजे चोराचं नाव माहीत होतं. तो घरात शिरतो कुठनं, एवढंच ठाऊक नव्हतं. मग सरकारनं, सरकारं करतात तेच केलं. सगळीकडे शोधलं. गटारं कार्बोलिकनं धुतली, भिंतींना चुना फासला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरले. त्यांनी देवघरं धुंडाळली, बिछाने जाळले, बायामाणसांना बाहेर काढून तपासलं. त्याच साली, १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं आपण पाठ केलेलं असतं. पण त्या पुस्तकात एक पात्र राहून गेलेलं आहे. सोल्जर पुढच्या दारानं आत येत होते तेव्हा ते मागच्या मोरीतून शेजारच्या घरी चाललेलं होतं.

हे पात्र पकडलं ते पॉल लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरनं, १८९८ साली, कराचीत. त्यानं दाखवलं, की प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो तो पिसवांच्या अंगाखांद्यावरून. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा नवं ऊबदार बिऱ्हाड शोधतात. म्हणजे मेलेला उंदीर हा जिवंत उंदरापेक्षा वाईट! सीमाँचं हे म्हणणं बऱ्याच विद्वानांनी काही वर्षं हसण्यावारी नेलं. मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं व्हायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

आमच्या घराण्यातल्या बायकांना मात्र पिसवा ठाऊक नसूनही निष्कर्ष ठाऊक होता. उंदीर पडला, घर सोडा. कारण माहीत नाही, उपाय माहीत आहे. आमच्या कचेरीत याच्या अगदी उलट चालायचं.

कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. रेल्वेबरोबर पोती आली, आणि पोत्यांबरोबर काय येतं हे सांगायला नको. प्लेग संस्थानात शिरला तेव्हा गादीवर शाहू महाराज होते. कारभार १८९४ साली हाती आलेला, वय अजून पंचविशीच्या आत. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे ही साथ. लोकांनी गाव सोडून माळावर, शेतावर झोपड्या घातल्या. आत्याची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. त्यांचं घर शुक्रवार पेठेत. एका सकाळी माजघरात आढ्यावरून उंदीर पडला. अक्षरशः पडला, चुलीपुढं. दुपारपर्यंत बैलगाडी भरली आणि जोतिबाच्या डोंगराखाली केर्लीच्या बाजूला त्यांचा एक तुकडा होता तिथं कडब्याच्या खोपीत सगळे राहायला गेले.

सगळे म्हणजे एक सोडून. आजीचा थोरला चुलता मागं राहिला. घरात ज्वारीनं भरलेली कणगी होती. दुष्काळाचे दिवस, पेठ ओसाड, चोरांना रान मोकळं. धान्य राखायला कुणीतरी हवं होतं. रविवार जोतिबाचा वार, म्हणून दर रविवारी तो चालत शेताच्या बांधापर्यंत यायचा. पुढं यायचा नाही, त्यालाही कळत होतं. बांधावर उभं राहून डोंगराकडं हात जोडायचा आणि ओरडायचा, "चांगभलं! सगळं ठीक हाय!" इकडून पोरं ओरडायची, "चांगभलं!" असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पोरं बांधाकडं बघत बसली. संध्याकाळ झाली.

कणगी चोरांपासून राखायला तो राहिला. कणगीत कोण राहत होतं, हे तेव्हा जगात कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

काही महिन्यांनी सगळे परत आले. घर सारवलं, धुरी दिली. ज्वारी होती तशी होती. ती फेकून दिली, असं सांगायला मला बरं वाटलं असतं. पण दुष्काळ होता. चार दिवस अंगणात उन्हं दाखवून, धुऊन, वाळवून सगळ्यांनी ती खाल्ली. आजी म्हणे सांगायची, "कडू नव्हती रे. तेच वाईट वाटलं."

हे सगळं आत्यानं मला सांगितलं ते पार्किंगमध्ये, स्कूटरवर टेकून. मी तिला वर चल म्हणायचा धीर केला नाही.

तोवर सौ. नं कीटकनाशक फवारणाऱ्या एका कंपनीला फोन केला होता. पाठीवर टाकी घेतलेला एक तरुण आला आणि हॉटेलातल्या वेटरच्या चालीवर त्यानं यादी म्हटली. झुरळं, ढेकूण, वाळवी, मुंग्या, उंदीर. तिन्हीचं एकत्र घेतलं तर पाली फुकट. मी म्हटलं, "पाली झुरळं खातात, मग त्या मारायच्या कशाला?" तो म्हणाला, "साहेब, झुरळं मेल्यावर त्या उपाशीच राहणार ना?" या भूतदयेपुढं मी नमलो.

मारण्याच्या योजनांचा इतिहास मात्र वाचावा असा आहे. १९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारनं उंदरांमागं बक्षीस लावलं. शेपूट आणा, पैसे न्या. शेपट्यांचा ढीग लागला. मग रस्त्यात बिनशेपटीचे ठणठणीत उंदीर दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्यानं आणखी प्रजा वाढवावी! काहींनी तर गावाबाहेर उंदीरपालनच सुरू केलेलं निघालं. बक्षीस बंद झालं, उंदीर राहिले.

मग डीडीटीचं युग आलं. पाउल म्यूलर या स्विस रसायनतज्ज्ञानं त्याचा गुण १९३९ साली ओळखला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम निघाली. माझ्या लहानपणी खाकी कपड्यातले लोक पंप घेऊन यायचे, भिंती पांढरट करून जायचे आणि दारावर फवारणीची तारीख घालायचे. आमच्या दारावर वडिलांच्या नावाची पाटी नव्हती, पण डीडीटीची तारीख होती. पहिल्या वर्षी खाटेतले ढेकूणही गेले आणि आईनं देवापुढं साखर ठेवली. पुढं ती साखर मुंग्यांनी नेली आणि ढेकूण परत आले. हवाई बेटांत ढेकणांनी डीडीटीला दाद देणं १९४७ मध्येच सोडलं होतं; आमच्या खाटेपर्यंत ही बातमी जरा उशिरा पोचली. डासांचंही तेच. १९६१ साली देशात हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आत आले होते. १९७६ साली ते चौसष्ट लाखांच्या वर गेले.

याच्यापुढं आत्याची पद्धत मागासलेली वाटते. ती काही मारतच नाही. ती हलवते. नवरात्राचे घट बसण्याआधी साऱ्या गोधड्या, वाकळा पंचगंगेवर नेऊन आपटायच्या आणि वाळूवर दिवसभर तापवायच्या, डबे रिकामे करून उन्हात पालथे घालायचे, कडधान्याला राख, तांदळात कडुनिंब, गूळ शिंक्यावर. पन्नास अंशांच्या पुढं ढेकूण आणि त्याची अंडी, दोन्ही टिकत नाहीत, हे आता शास्त्र सांगतं. आत्या अंश जाणत नाही. ती वाकळेवर तळहात ठेवते आणि चटका बसला की "झालं" म्हणते. आम्ही वाकळा टाकून स्पंजच्या गाद्या घेतल्या. त्या नदीवर नेता येत नाहीत, आणि गॅलरीत टाकल्या तर सोसायटीची नोटीस येते.

पौर्णिमेला आम्ही डोंगरावर गेलो. कोल्हापूरपासून अठरा किलोमीटर, पण त्या दिवशी ते मोजू नयेत. उंचच उंच सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं डोंगर, माणसं आणि माझा एकुलता एक बरा शर्ट एका रंगाचे झाले होते. २०२० साली साथीमुळं ही यात्रा भरली नव्हती, तेव्हा आत्या घरात बसून डोंगराच्या दिशेला हात जोडत होती. दर्शन करून आमच्या नेहमीच्या गुरवांकडे टेकलो. घरभर यात्रेकरू, घरभर खोबरं आणि गूळ. मी चौकशी केली, "इथं उंदीर नाहीत?"

गुरव म्हणाले, "हाईत की! द्येवाच्या डोंगरावर न्हाईत तर कुठं जातील? खोबरं पत्र्याच्या डब्यात, गूळ वर टांगून, आन् मांजर उंबऱ्यावर. त्येंनी त्येंच्या जागी, आमी आमच्या."

आत्यानं देवाला वाहिलेल्या दवण्याच्या दोन जुड्या प्रसाद म्हणून ओच्यात घेतल्या. दवणा वाळवून ती ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांत घालते. कसर लागत नाही म्हणते. मी तिला सांगितलं, की दवण्याच्या एका चुलतबहिणीपासून चीनमध्ये तू यूयू नावाच्या बाईंनी हिवतापावर औषध काढलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आत्यानं विचारलं, "म्हणजे त्या मारायच्या औषधाला मिळालं तेच?" मी म्हटलं, "तेच." ती जुडीचा वास घेत म्हणाली, "बरं झालं. उशिरा का होईना."

उतरताना केर्लीच्या वळणावर तिनं गाडी थांबवायला लावली. तो तुकडा कधीच विकला गेला होता. तिथं आता ऊस होता, की पलीकडच्या घराच्या जागी ते शेत होतं, हे तिलाही सांगता येईना. ती बराच वेळ एका बांधाकडं बघत उभी राहिली आणि मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. चांगभलंच असावं.

घरी आल्यावर मी सिलिंडर बाजूला ओढला. मागं, गॅसच्या नळीशेजारी, भिंतीत भोक होतं. करंगळी जाईल एवढं. फवारणीवाल्यानं चार खोल्या फवारल्या होत्या. भोक तसंच होतं. बाटली फोडून काच आणि सिमेंट कालवून मी ते बुजवलं. ओल्या सिमेंटमध्ये आत्यानं दवण्याची एक काडी खोवली.

त्यानंतर उंदीर आलेला नाही. सौ. याचं श्रेय कंपनीला देते, आत्या दवण्याला, आणि मला कुणी विचारत नाही.