महासाथीतील दिव्यांग साहाय्य (चामोर्शी तालुका)

महासाथीतील दिव्यांग साहाय्य : इन्फ्लूएंझासारख्या श्वसनरोगाची मोठी साथ येऊन वाहतूक, दवाखाने व शाळा विस्कळीत झाल्या, तरी दिव्यांगांना रोज लागणारी मदत, औषधे व साधने चालू राहावीत म्हणून आधीच केलेली व्यवस्था. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात पगारी काळजीवाहक किंवा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट सहसा नसतो. मदत करणारे बहुधा घरातलेच एक माणूस असते : आई, सून नाहीतर थोरली बहीण. ती तापाने आडवी झाली की सरकारी कार्यालयाला कुलूप लागण्याआधीच सेवा बंद पडते. त्यामुळे येथील आराखड्याचा पहिला प्रश्न ‘तिच्यानंतर कोण?’ हा असायला हवा.

१९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या वेळी हा भाग मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होता आणि साथीची सर्वाधिक झळ बसलेल्या देशातील प्रांतांपैकी हा एक होता. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. सेवा खंडित होण्याचा खरा अनुभव मात्र २०२० मध्ये आला, तोही फ्लूने नव्हे, कोविडने. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचे अनेक मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. ते तिकडेच अडकले. कर्ती माणसे अशी बाहेर अडकली, की अंथरुणावरच्या मुलाला उचलणे-बसवणे मागे उरलेल्या म्हाताऱ्यांवर येते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाने वैनगंगेला मोठा पूर आला. पुरात माणसे एका शाळेत गोळा करावी लागतात, साथीत ती लांब ठेवावी लागतात. दोन्ही संकटे एकदम आली तर चालता न येणाऱ्याला कुठे न्यायचे, याचे उत्तर दोन वेगळ्या आराखड्यांत सापडत नाही.

कायद्याने पाया घातलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना द्यायची असते. मार्च २०२० मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने काळजीवाहकांना प्रवासाचे पास, घरपोच आवश्यक वस्तू आणि ब्रेल, ध्वनी व सांकेतिक भाषेतून माहिती देण्याच्या सूचना काढल्या. याच सुमारास तीन महिन्यांसाठी एक हजार रुपयांचे केंद्रीय साहाय्यही जाहीर झाले. पण ते केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील लाभार्थ्यांनाच होते, आणि ती योजना दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीच आहे. साठ टक्केवाल्याची भूक चाळीस टक्क्यांनी कमी असते, असा या नियमाचा हिशेब दिसतो.

चामोर्शीत सिकलसेलचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. हा आजार २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्व-प्रकारांपैकी एक असून या पट्ट्यात तो बराच आढळतो. फ्लूचा ताप, शरीरातील पाणी कमी होणे आणि छातीतील संसर्ग यांमुळे रक्तवाहिन्या तुंबून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून फ्लूची लस, हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा वाढीव साठा आणि ताप येताच कुठे जायचे याची लेखी नोंद घरात हवी. रक्ताची अडचण वेगळी आहे : टाळेबंदीत रक्तदान शिबिरे थांबतात, आणि वारंवार रक्त लागणाऱ्याला गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी मिळणेही अवघड होते. फ्लूवरचे ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते. नाल्याला पूर असलेल्या गावात हे दोन दिवस वाट पाहण्यातच जातात. कुष्ठरोगाचे बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने अखंड घ्यायचे असल्याने तेही वाढीव साठ्याच्या यादीत येतात.

मदतीच्या माणसाला पर्याय ठरवताना गावचे कामाचे वेळापत्रक पाहावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. या दिवसांत शेजारीण कितीही मायाळू असली तरी घरी नसते. माहिती पोहोचवण्यातही असेच खाचखळगे आहेत. दवंडी कर्णबधिराला ऐकू जात नाही, तोंडाला मास्क असला की ओठ वाचता येत नाहीत, आणि तालुक्यात मराठीबरोबर गोंडी व बंगाली बोलणारी घरे आहेत. आशाताईंना दिव्यांगांची घरे तोंडपाठ असतात; पण त्या स्वतः आजारी पडल्या तर उपयोगी पडेल अशी लेखी यादी ग्रामपंचायतीत असणे आवश्यक आहे. यादीत आजाराच्या नावापेक्षा गरज लिहावी : ‘पाठीला जखम, दर दोन तासांनी कूस बदलणे’, ‘घास बारीक करून भरवणे’, ‘अनोळखी माणसाने हात लावला की घाबरतो’.

ग्रामपंचायतीने स्वनिधीतील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. साथीच्या तयारीत तिचा उपयोग किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंसाठी अधिक होईल : मूत्रनलिका, डायपर, तीनचाकीची ट्यूब, कुबडीच्या टोकाचे रबर. हे रबर झिजले की नुकत्या सारवलेल्या अंगणात कुबडी घसरते. मोडलेले हाड घेऊन साथीच्या दिवसांत रुग्णालयात जाण्यापेक्षा रबराचे दोन जादा जोड आधीच घरी ठेवणे स्वस्त पडते.