एम्बेडेड सिस्टिम्स : पदव्युत्तर शिक्षणाची वाट

धुलाई यंत्राची कळ दाबली की पाणी किती घ्यायचे, कपडे किती वेळ घुसळायचे आणि केव्हा थांबायचे, हे आतला एक छोटासा संगणक ठरवतो. मोटारीतील एअरबॅग, रुग्णालयातील इन्फ्युजन पंप, विजेचा डिजिटल मीटर यांतही असेच संगणक दडलेले असतात. यंत्राचाच भाग होऊन नेमून दिलेले काम करणाऱ्या अशा प्रणालीस 'एम्बेडेड सिस्टिम' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरांना या विषयातील एम.टेक.चे आकर्षण वाटते. मात्र आयुष्यातील दोन वर्षे देण्यापूर्वी तेथे नेमके काय शिकायचे असते, हे समजून घ्यायला हवे.

वेळेचे गणित

घरच्या संगणकाने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला तर फारसे बिघडत नाही. एअरबॅगच्या बाबतीत मात्र उशिरा मिळालेले अचूक उत्तरही निरुपयोगी ठरते. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'नासा'च्या पाथफाइंडर यानातील संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक सामायिक साधन अडवून ठेवले होते. मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत होते. अभियंत्यांनी पृथ्वीवर तसाच बिघाड घडवून कारण शोधले आणि यानातील प्रणालीत दुरुस्ती पाठवली. केवळ प्रोग्रॅमिंग येऊन असा दोष सापडत नाही. त्यासाठी हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या सीमारेषेवरचे ज्ञान लागते. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे प्रयोजन हेच आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

एम.टेक.चा कालावधी दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. पहिल्या वर्षी मायक्रोकंट्रोलर व प्रोसेसरची रचना, सी भाषेतील प्रोग्रॅमिंग, रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, एफपीजीए, सेन्सर व संदेशवहन पद्धती यांसारखे विषय असतात. दुसरे वर्ष प्रामुख्याने प्रबंधाचे. सर्वत्र अभ्यासक्रमाचे नाव एकच नसते. काही ठिकाणी तो 'व्हीएलएसआय अँड एम्बेडेड सिस्टिम्स' असतो, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स इंजिनीअरिंग' असा स्वतंत्र विभागच आहे. त्यामुळे नावापेक्षा विषयांची यादी पाहावी.

पात्रता आणि प्रवेश

इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन वा संगणक शाखेचे पदवीधर साधारणतः पात्र ठरतात. नेमकी अट संस्थेनुसार बदलते. 'गेट' परीक्षा सहसा फेब्रुवारीत होते व तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. एनआयटींचे प्रवेश 'सीसीएमटी' या केंद्रीय प्रक्रियेतून, तर महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. 'गेट' पात्र विद्यार्थ्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेतून नियमांनुसार दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते.

ज्यांना लवकर नोकरी हवी आहे, त्यांच्यासाठी 'सी-डॅक'चा सुमारे सहा महिन्यांचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हा पर्याय आहे. त्यासाठी 'सी-कॅट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कामापुरते कौशल्य हवे असेल तर असा अभ्यासक्रम पुरेसा ठरतो. संशोधन, अध्यापन किंवा प्रणालीची मुळापासून रचना करायची असेल तर एम.टेक.चा विचार करावा.

महाविद्यालय निवडताना

शक्य असल्यास प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. ऑसिलोस्कोप आणि लॉजिक अ‍ॅनालायझर विद्यार्थ्यांच्या हाती पडतात की कपाटात कुलूपबंद असतात, मागील वर्षांचे प्रबंध कोणत्या विषयांवर होते, प्रकल्पासाठी उद्योगांत पाठवले जाते का, हे प्रश्न जरूर विचारावेत. ज्या अभ्यासक्रमात दोन वर्षांत एकही मंडल स्वतः उभे करावे लागत नाही, तेथील पदवी मुलाखतीत फार काळ तग धरत नाही.

संधी

पुण्याच्या परिसरातील वाहन उद्योग, तसेच वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार, संरक्षण आणि औद्योगिक स्वयंचलन या क्षेत्रांत अशा अभियंत्यांना वाव आहे. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठीचे 'आयएसओ २६२६२' हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मानकांनुसार काम करताना प्रोग्रॅम चालतो एवढे पुरत नाही. तो चुकला तरी प्रवासी सुरक्षित राहील, हे दाखवावे लागते. ही जबाबदारी पेलण्याची तयारी आणि सोल्डरिंगपासून संकेतलेखनापर्यंत सारे स्वतः करण्याची आवड असेल, त्यांनी ही वाट अवश्य धरावी.