कुलूप घरचे, जागा परक्याची

संगणकावर पासवर्ड आला आणि फार काळ जाण्याआधीच त्याची पहिली चोरीही झाली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, तर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहिल्या पाहिजेत, म्हणून तिच्यात पासवर्डची सोय झाली. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधकाला आपल्या वाट्याचा संगणक-वेळ पुरेना. त्याने पंचकार्डावर विनंती लिहून पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम चालू ठेवले. कुलूप फोडायची त्याला गरज पडली नाही, कारण सगळ्यांचे पासवर्ड एका जागी, वाचता येतील अशा अक्षरांत पडलेले होते आणि त्या जागेचा राखणदार गाफील होता. आज एखादे कुटुंब आपले बँकेचे, आयकराचे, डीमॅट खात्याचे आणि वीजबिलाचे पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवून ती चार फोन आणि दोन लॅपटॉपवर सारखी ठेवू पाहते, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न हाच असतो: भरवसा जागेवर ठेवायचा की कुलपावर? गेल्या साठ वर्षांचा पुरावा कुलपाच्या बाजूने आहे, असे माझे मत आहे. कुलूप घरात राहिले, तर जागा कोणाची आहे याला दुय्यम महत्त्व उरते आणि ती हवी तेव्हा बदलता येते.

हा विचार जुना आहे. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी साठच्या दशकातच सुचवले होते की यंत्राने पासवर्ड जसाच्या तसा ठेवूच नये; उलट फिरवता येणार नाही अशा गणिती क्रियेतून काढलेले त्याचे रूप ठेवावे. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी १९७९ साली युनिक्सवरच्या अनुभवाचा जो लेख प्रसिद्ध केला, त्यात हे तत्त्व पूर्णपणे उतरले आहे. युनिक्सची पासवर्ड-फाइल त्या यंत्रावरच्या कोणालाही वाचता येत असे, आणि हे गृहीत धरूनच तिची रचना केली होती. प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळा यादृच्छिक तुकडा मिसळायचा आणि तीच क्रिया पंचवीस वेळा करायची, म्हणजे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाची किंमत मोजावी लागते. पुढे संगणक वेगवान झाले, ती किंमत नगण्य झाली आणि युनिक्सलाही ती फाइल झाकावी लागली. हा तपशील माझ्या मताच्या विरोधात जातो असे कोणी म्हणेल. मला त्यातून एवढेच दिसते की कुलूप काळाबरोबर बदलत राहावे लागते. म्हणूनच २०१३ ते २०१५ या काळात पासवर्डवरील प्रक्रियांची खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिच्यात निवडलेली आर्गॉन२ ही पद्धत मुद्दाम भरपूर मेमरी खाते. त्यामुळे हजारो अंदाज एकाच वेळी लावण्यासाठी चोराला यंत्रसामग्रीवर मोठा खर्च करावा लागतो.

घरच्या वापरासाठी हे तत्त्व ब्रूस श्नायर यांच्या पासवर्ड सेफने १९९७ च्या सुमारास आणले आणि डॉमिनिक राइशल या जर्मन प्रोग्रामरच्या कीपासने २००३ पासून रुजवले. सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये, आणि ती उघडणारा एकच मास्टर पासवर्ड. कीपासचा स्रोत खुला होता, फाइलची रचनाही खुली होती. त्यामुळे मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे प्रोग्रॅम लिहिले आणि ते सगळे तीच फाइल उघडू लागले. ही फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर कशी न्यायची, याबद्दल कीपासने कसलीच सक्ती केली नाही. सुरुवातीला ती पेनड्राइव्हवर फिरली. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुले झाले आणि अनेकांनी फाइल त्या फोल्डरात टाकली. अशा रीतीने कामाची वाटणी आपोआप झाली: गुपित राखायचे काम फाइलचे, ती पोचवायचे काम क्लाउडचे.

या वाटणीची कसोटी लवकरच लागली. १९ जून २०११ रोजी ड्रॉपबॉक्सच्या एका चुकीमुळे सुमारे चार तास कोणत्याही खात्यात कोणताही पासवर्ड चालत होता. त्या चार तासांत कोणी परक्या खात्यात शिरून कीपासची फाइल उचलली असती, तरी त्याच्या हाती लागले असते ते फक्त न उघडणारे बाड. त्याच खात्यात साध्या एक्सेलमध्ये पासवर्ड लिहून ठेवणाऱ्याचे मात्र सर्वस्व गेले असते. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांच्या कागदपत्रांतून अमेरिकी सरकारची पाळत उघड झाली. मार्च २०१९ मध्ये ड्रॉपबॉक्सने फुकट खात्यांना तीन यंत्रांची मर्यादा घातली, जी एका माणसालाही अपुरी पडते. या दोन्ही कारणांनी लोक पर्याय शोधत होते, आणि पर्याय तयार होते. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये जाहीर केलेले ओनक्लाउड आणि २०१६ मध्ये त्यातून फुटून निघालेले नेक्स्टक्लाउड आपल्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालतात. सिंकथिंगने तर २०१३ पासून मधला सर्व्हरच साठवणुकीतून वगळला. यंत्रे थेट एकमेकांशी फाइल जुळवतात. पर्यायांतले काही टिकले नाहीत. उबुंटू वन २०१४ मध्ये, स्वित्झर्लंडची वुआला २०१५ मध्ये आणि कॉपी २०१६ मध्ये बंद पडली. सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅपही २०२४ अखेर थांबले. ज्यांची फाइल खुल्या रचनेची होती, त्यांना या बंद पडण्याने एका संध्याकाळचे काम लागले: फाइल उचलायची, दुसरीकडे ठेवायची.

खरी अडचण सुरक्षेची नव्हती, ती एकाच वेळी दोघांनी बदल करण्याची होती. एकाच घरात आईने फोनवर गॅस-बुकिंगचा पासवर्ड बदलला आणि त्याच वेळी परगावी असलेल्या मुलाने लॅपटॉपवर विम्याच्या खात्याची नोंद केली, तर क्लाउडने कोणती फाइल खरी मानायची? क्लाउडला आतले काही दिसत नाही, आणि दिसू नये हाच तर हेतू आहे. शिवाय अशी फाइल दर वेळी जतन करताना नव्या यादृच्छिक बीजाने एन्क्रिप्ट होते. एक अक्षर बदलले तरी बाहेरून पाहणाऱ्याला सगळी फाइल नवी दिसते. म्हणून क्लाउड दोन्ही प्रती ठेवतो आणि एकीच्या नावापुढे संघर्षाची खूण जोडतो. कुटुंबाला ही खूण समजली नाही की जुनी प्रत चालू राहते आणि नवा पासवर्ड हरवतो. हा दोषही सीटीएसएसइतका जुना आहे. १९६६ मध्ये त्याच प्रणालीत दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करत होते, तात्पुरत्या फाइलचे नाव एकच होते, आणि दोन फाइलींची अदलाबदल होऊन प्रत्येकाच्या टर्मिनलवर स्वागताच्या निरोपाऐवजी सर्वांचे पासवर्ड छापले गेले. यावर नीट शास्त्रीय विचार केला तो कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या चमूने. १९८७ पासून घडलेल्या त्यांच्या कोडा या फाइल-प्रणालीने जाळ्यापासून तुटलेल्या यंत्रालाही काम करू दिले, आणि बदलांची टक्कर झाल्यास ती सोडवण्याचा भार त्या फाइलचा अर्थ जाणणाऱ्या प्रोग्रॅमवर टाकण्याची सोय केली. कीपासच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच दिशा दिसते. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख-संख्या, बदलाची वेळ आणि जुन्या रूपांचा इतिहास असतो. दोन प्रती घरच्या यंत्रावर उघडून नोंदीनिशी जुळवल्या जातात आणि जुनी नोंद इतिहासात उरते. २०१९ मध्ये कीपासची फाइल उघडणाऱ्या कीपासएक्ससी या प्रोग्रॅमने त्यापुढे जाऊन फाइलचा एकच गट दुसऱ्याच्या फाइलशी वाटून घेण्याची सोय दिली. त्यामुळे घरखर्चाची खाती सर्वांची आणि प्रत्येकाची खासगी खाती त्याची त्याची, अशी व्यवस्था शक्य झाली. कुटुंबाच्या दृष्टीने मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण घरातल्या माणसालाही खासगीपणाचा हक्क असतो.

याच काळात बाजार उलट दिशेने गेला. २००८ मध्ये सुरू झालेल्या लास्टपास या पासवर्ड मॅनेजरने कुलूप, जागा आणि वाहतूक तिन्ही एका कंपनीकडे आणले. २०२२ मध्ये तिच्या क्लाउड साठ्यातून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरीला गेला. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचे खाते कुठे आहे हे चोराला कळले. शिवाय बऱ्याच जुन्या खात्यांवर अंदाज महाग करणाऱ्या फेऱ्यांची संख्या पाच हजार किंवा त्याहूनही कमी राहिली होती, जेव्हा कंपनी नव्या खात्यांना एक लाखाहून अधिक फेऱ्या देत होती. कुलूप जुने झाले होते आणि ते बदलायचे आहे हे बहुतेक मालकांच्या लक्षात आले नसावे. एका जागी लाखो घरांच्या तिजोऱ्या असल्या की चोराने एकदा केलेले कष्ट लाखो पटींनी फळतात. विखुरलेल्या फाइलींच्या बाबतीत हे गणित जमत नाही.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की फाइल क्लाउडवर ठेवणेही निर्दोष नाही. बरोबर आहे: वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरच्या जुन्या फाइल-रचनेत नोंदींची शीर्षके आणि पत्ते उघडे राहतात, याकडे २०१५ मध्ये लक्ष वेधले गेले होते. पण तो दोष रचनेचा होता. कीपासच्या फाइलमध्ये नोंदींचे पत्तेसुद्धा कुलपाआड असतात. दुसरा आक्षेप असा की चांगल्या कंपन्याही आहेत. आहेतच. वनपासवर्डची खाती मास्टर पासवर्डबरोबर फक्त ग्राहकाच्या यंत्रांवर राहणारी दुसरी लांब किल्ली मागतात. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तशीच ही योजना आहे आणि ती भक्कम आहे. मात्र २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आठव्या आवृत्तीपासून त्याच कंपनीने ग्राहकाने आपल्या पसंतीच्या जागी, उदाहरणार्थ ड्रॉपबॉक्सवर, फाइल ठेवण्याची जुनी मुभा काढून घेतली, आणि ग्राहकाचा जागा बदलण्याचा अधिकार गेला. दुसऱ्या किल्लीची योजना कीपासमध्येही आहे: किल्ली-फाइल पेनड्राइव्हने एकदाच प्रत्येक यंत्रावर ठेवायची आणि क्लाउडवर कधीही टाकायची नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळे घरातल्या एकालाच जमते, आणि तो आजारी पडला किंवा गेला तर सगळे घर कुलपाबाहेर अडकते. याला तंत्राचे उत्तर पुरेसे नाही. मास्टर पासवर्ड कागदावर लिहून मृत्युपत्राबरोबर ठेवला पाहिजे, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या कोणी तरी त्या कागदावरून फाइल उघडून पाहिली पाहिजे. जिथे हेही होणार नाही, त्या घराने कंपनीचीच सेवा घ्यावी. सोपी आणि वापरात असलेली व्यवस्था कागदावरच्या आदर्श व्यवस्थेपेक्षा केव्हाही बरी.

तुमच्या घरात आज कोणताही पासवर्ड मॅनेजर असला, तरी त्यातून सगळ्या नोंदी खुल्या रचनेच्या, पण एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे या रविवारी तपासा. काढता येत नसतील, तर ती सुविधा देणारा मॅनेजर निवडा आणि मग ती फाइल नेक्स्टक्लाउडवर, सिंकथिंगवर किंवा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे तुम्हाला सोयीचे असेल तिथे ठेवा.